परतीची जबाबदारी

चालू असलेला प्रोग्राम मध्येच थांबवायचा, त्याच्याकडून दुसरेच एक काम करून घ्यायचे आणि मग काही घडलेच नाही अशा रीतीने त्याला पहिल्या कामावर परत आणायचे, हे युनिक्स घराण्यातली प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम सतत करत असते. टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबले, अलार्मची वेळ भरली, एखादी उपप्रक्रिया संपली किंवा प्रोग्रामने नको त्या पत्त्याला हात लावला, की कर्नल त्या प्रोग्रामला सिग्नल पाठवतो. त्या सिग्नलसाठी प्रोग्रामने स्वतःचे फंक्शन, म्हणजे हँडलर, नेमून ठेवले असेल तर ते चालते आणि ते संपले की मूळ काम पुढे सुरू होते. पाठ्यपुस्तकांत हा सगळा व्यवहार बहुधा एका वाक्यात आटोपतो: हँडलर परतला की प्रोग्राम जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो. हे पुस्तक त्या एका वाक्याची तपासणी आहे. ते वाक्य प्रोसेसरच्या बाबतीत खरे आहे, कामाच्या बाबतीत खरे असेलच असे नाही. कर्नल प्रोसेसरची अवस्था तंतोतंत परत आणू शकतो; अर्ध्यावर राहिलेल्या कामाची अवस्था सांभाळणे मात्र बऱ्याच अंशी प्रोग्राम लिहिणाऱ्याकडेच राहते. परतीची जबाबदारी अशी दोघांत वाटलेली आहे. ही वाटणी नीट न समजल्यामुळे गेली चार दशके प्रोग्राम अडकत आले आहेत, कोसळत आले आहेत आणि घुसखोरांना वाट मिळत आली आहे. पुढच्या प्रकरणांत तपशील येतील. इथे त्यांच्या मागचा युक्तिवाद मांडतो.

आधी कर्नलच्या वाट्याचे काम पाहू, कारण ते पाहिल्याशिवाय त्याची मर्यादा कळत नाही. सिग्नल पाठवला म्हणजे हँडलर त्याच क्षणी चालू झाला, असे होत नाही. लिनक्समध्ये सिग्नल पाठवणे म्हणजे त्या प्रक्रियेच्या नोंदीत ‘अमुक सिग्नल बाकी आहे’ अशी खूण करणे. प्रक्रिया झोपलेली असेल आणि तिची झोप मोडण्याजोगी असेल तर तिला उठवले जाते. ती दुसऱ्या प्रोसेसरवर चालत असेल तर त्या प्रोसेसरला टोचून कर्नलमध्ये यायला लावले जाते. खरी तपासणी होते ती कर्नलमधून प्रोग्रामकडे परतण्याच्या उंबरठ्यावर. सिस्टीम कॉल संपवून किंवा टायमरच्या व्यत्ययातून प्रोसेसर परत निघाला की कर्नल ती खूण पाहतो. सिग्नल बाकी असेल आणि त्याला हँडलर असेल, तर परतीची दिशाच बदलली जाते. प्रोग्रामला वाटते आपण साध्या कॉलमधून परतलो, प्रत्यक्षात तो हँडलरच्या पहिल्या ओळीवर उभा असतो. हँडलरला कोणी बोलावलेले नसते. प्रोग्रामच्या कोडमध्ये त्याच्या नावाने एकही हाक नसते, म्हणून तो कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये अवतरू शकतो, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवायला हवे.

दिशा बदलण्यापूर्वी कर्नलला एक नोंद करून ठेवावी लागते. प्रोग्राम कुठे होता, त्याच्या रजिस्टरांत काय होते, ध्वज कसे होते, कोणते सिग्नल रोखून धरलेले होते, अपूर्णांकांचे गणित करणाऱ्या भागात कोणती मूल्ये होती, हे सगळे एका चौकटीत भरून ती चौकट प्रोग्रामच्याच स्टॅकवर लिहिली जाते. चौसष्ट बिटांच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांवर लिनक्स ती लिहिण्याआधी स्टॅकच्या टोकापलीकडचे १२८ बाइट मोकळे सोडतो, कारण तेवढी जागा कोणालाही न विचारता वापरण्याची मुभा तिथल्या नियमांनी फंक्शनांना दिलेली आहे. मग चौकटीच्या टोकाशी एक परतीचा पत्ता ठेवला जातो. हँडलर संपताना इतर कुठल्याही फंक्शनप्रमाणे त्या पत्त्यावर जातो आणि तिथे सी लायब्ररीतला दोन सूचनांचा एक तुकडा भेटतो: एका रजिस्टरमध्ये १५ हा आकडा भरायचा आणि कर्नलला हाक द्यायची. पंधरा क्रमांकाचा हा सिस्टीम कॉल म्हणजे सिगरिटर्न. बाकीचे बहुतेक सिस्टीम कॉल ज्याने हाक दिली त्याच्याकडे उत्तर घेऊन परततात. सिगरिटर्न हाक देणाऱ्याकडे परततच नाही. तो स्टॅकवरची चौकट वाचतो, तिच्यातली मूल्ये प्रोसेसरमध्ये भरतो, रोखलेल्या सिग्नलांची जुनी यादी पुन्हा लागू करतो आणि चौकटीत लिहिलेल्या जागी प्रोग्राम सोडून देतो.

या रचनेत एक गोष्ट जरा विचित्र वाटते. भूतकाळाची ही नोंद कर्नल स्वतःच्या सुरक्षित मेमरीत ठेवत नाही, ती प्रोग्रामच्या हवाली करतो. त्याला कारणे आहेत. हँडलर चालू असताना दुसरा सिग्नल येऊ शकतो, त्याच्या आत तिसरा. प्रत्येकासाठी नवी चौकट लागते आणि स्टॅक हीच एकात एक बसणाऱ्या गोष्टींची स्वाभाविक जागा आहे. शिवाय काही हँडलर परततच नाहीत. ते उडी मारून प्रोग्रामच्या भलत्याच भागात जातात, आणि तशा वेळी कर्नलने जपून ठेवलेली नोंद बेवारस पडून राहिली असती. म्हणून कर्नल नोंद लिहितो आणि विसरून जातो. सिगरिटर्न आला की ‘मी सिग्नल दिला होता का’ हेसुद्धा तो आठवत नाही. स्टॅकवर जे सापडेल त्यावर तो विश्वास ठेवतो. प्रोग्रामने स्वतःला कर्नलचे अधिकार बहाल करून घेऊ नयेत, एवढी तपासणी तो करतो. बाकी सगळी मूल्ये जशीच्या तशी स्वीकारली जातात. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातल्या एरिक बोसमन आणि हर्बर्ट बोस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की स्टॅकवर खोटी चौकट रचून सिगरिटर्न बोलावता आला, तर हल्लेखोराला एका फटक्यात सगळी रजिस्टरे आपल्या मनासारखी भरता येतात. त्यावर ओपनबीएसडीने २०१६ मध्ये चौकटीत एक गुप्त खूण ठेवायला सुरुवात केली. ती खूण चौकटीच्या पत्त्याशी बांधलेली असते, आणि सिगरिटर्नची हाक नेमून दिलेल्या एकाच जागेवरून आली तरच मानली जाते. म्हणजे परत जाण्यासाठी आधी खरोखर आलेले असावे लागते, ही साधी अट युनिक्सच्या एका शाखेत सक्तीने लागू व्हायला २०१६ साल उजाडावे लागले.

‘प्रोसेसरची अवस्था’ म्हणजे नेमके किती, हेही कायमचे ठरलेले नाही. हँडलरसाठी वेगळा स्टॅक देता येतो आणि त्याचा किमान आकार सी लायब्ररीत वर्षानुवर्षे २०४८ बाइट असा स्थिर आकडा म्हणून लिहिलेला होता. एव्हीएक्स-५१२ सूचना आल्या तेव्हा ३२ रजिस्टरे, प्रत्येकी ६४ बाइट, एवढ्यानेच २०४८ बाइट भरले. बाकीच्या नोंदीला जागाच उरली नाही. पुढे आलेल्या एएमएक्स विस्ताराला एकट्याला ८१९२ बाइट लागतात. अखेर जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या २०२१ मधल्या २.३४ या आवृत्तीत तो आकडा स्थिर राहिला नाही. आता आधुनिक प्रोग्राम चालू असताना तो आकडा कर्नलला विचारून घेतो. याच्या उलट बाजूचे उदाहरण आणखी जुने आहे. सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधले स्टीफन बोर्न यांचे शेल मेमरी कमी पडली की सरळ पुढच्या पत्त्यावर लिहायचे, त्यातून येणारा मेमरीच्या चुकीचा सिग्नल पकडायचे, हँडलरमध्ये जास्त मेमरी मागून घ्यायचे आणि परतायचे. अडलेली सूचना पुन्हा चालेल आणि या वेळी यशस्वी होईल, असा तो हिशेब होता. मोटोरोलाच्या ६८००० प्रोसेसरवर हे शेल आणताना तो हिशेब कोसळला, कारण अशा चुकीनंतर अर्धवट राहिलेली सूचना पुन्हा सुरू करण्यापुरती माहिती तो प्रोसेसर जपतच नव्हता. पुढच्या ६८०१० मध्ये ती उणीव दूर झाली. जिथून थांबलो तिथूनच पुढे जाणे हे वचन आधी प्रोसेसरने द्यावे लागते, मगच ऑपरेटिंग सिस्टीम ते पुढे देऊ शकते.

इथपर्यंतचा भाग अवघड असला तरी सुटलेला आहे. न सुटलेला भाग सुरू होतो तो सिग्नल आला तेव्हा प्रोग्राम सिस्टीम कॉलच्या पोटात असेल तर. कीबोर्डवरून काही येईल म्हणून वाट पाहणारा प्रोग्राम कर्नलमध्ये झोपलेला आहे. सिग्नलने त्याला उठवले. हँडलर चालवायचा तर कर्नलमधून बाहेर यावे लागेल. मग त्या अर्धवट कॉलचे काय करायचे? सातव्या आवृत्तीने आणि पुढे सिस्टीम पाचने उत्तर दिले: कॉल अयशस्वी झाला असे सांगायचे, कारण म्हणून ‘व्यत्यय आला’ असा क्रमांक द्यायचा; पुन्हा प्रयत्न करायचा की नाही ते प्रोग्रामने ठरवावे. बर्कलीच्या ४.२ बीएसडीने १९८३ मध्ये वेगळे उत्तर दिले: वाचन-लेखनासारखे कॉल कर्नलनेच पुन्हा सुरू करायचे. पुढे हँडलर नेमण्याच्या सिगअ‍ॅक्शन या कॉलमधल्या एका ध्वजाने ही निवड प्रत्येक सिग्नलपुरती प्रोग्रामकडे सोपवली. लिनक्स हे ज्या युक्तीने साधतो ती मोठी सुबक आहे. इंटेलवर सिस्टीम कॉलची सूचना दोन बाइटांची असते. कॉल पुन्हा सुरू करायचा असेल तर जतन केलेल्या चौकटीतला पत्ता कर्नल दोनने मागे नेतो आणि कॉलचा मूळ क्रमांक त्याच्या रजिस्टरमध्ये परत ठेवतो. हँडलर संपला की प्रोग्राम त्याच सूचनेवर पुन्हा येतो आणि नकळत तीच हाक दुसऱ्यांदा देतो. बाहेरून ते झोप न मोडल्यासारखे दिसते. आतून पाहिले तर पहिला प्रयत्न टाकून देऊन दुसरा सुरू झालेला असतो.

अर्धवट कॉलचे काय करायचे हा वाद संगणकशास्त्राच्या इतिहासात गाजलेला आहे. एमआयटीत पीडीपी-१० यंत्रांवर चालणाऱ्या आयटीएस या ऑपरेटिंग सिस्टीमने पत्करलेला नियम कठोर होता: कॉलच्या मध्ये व्यत्यय आला तर प्रोग्रामची अवस्था नेहमी अशी दिसली पाहिजे की तो एकतर कॉलच्या अलीकडे आहे किंवा पलीकडे, मध्ये लटकलेला कधीच नाही. त्यासाठी किती काम झाले त्याची नोंद कर्नल प्रोग्रामने दिलेल्या रजिस्टरांतच करायचा. शंभर अक्षरे लिहायची होती, चाळीस लिहून झाली, तर पुढचा पत्ता आणि उरलेला साठ हा आकडा मागे ठेवून तो बाहेर पडायचा. पुन्हा हाक दिली की उरलेलेच काम होणार. अ‍ॅलन बॉडेन यांनी १९८९ मध्ये ही पद्धत सविस्तर लिहून ठेवली. रिचर्ड गॅब्रिएल यांनी त्याच सुमारास लिहिलेल्या, सरस आणि निकस रचनांविषयीच्या प्रसिद्ध निबंधात हेच उदाहरण घेतले. आयटीएसचा मार्ग बरोबर होता पण राबवायला कष्टाचा. युनिक्सचा मार्ग प्रोग्रामवर भार टाकणारा पण कर्नलला सोपा. आणि जगात पसरले ते युनिक्स. या कथेवरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की बरोबर उत्तर माहीत होते, आळसाने ते टाळले गेले. मला तो निष्कर्ष अपुरा वाटतो. आयटीएसची पद्धत चालते ती काम तुकड्यांत मोजता येते तिथे, आणि मोजमाप ठेवायला जागा असते तिथे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये मेमरीचा मोठा ठोकळा हलवणारी सूचना आजही याच तत्त्वावर चालते: किती उरले ते रजिस्टरमध्येच असते, म्हणून ती मध्ये तोडली तरी पुढे जोडता येते. सगळी कामे अशी नसतात.

इथे पहिला आक्षेप येतो: कर्नलने आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय दिली आहे, तर प्रत्येक हँडलरसाठी तो ध्वज लावावा आणि मोकळे व्हावे. प्रत्यक्षात तो ध्वज सगळीकडे लागूच होत नाही, आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. शंभर बाइट मागितले, चाळीस मिळाले आणि मग सिग्नल आला, तर वाचनाचा कॉल चाळीस हे उत्तर घेऊन परततो. ते चाळीस बाइट फेकून पुन्हा सुरुवात करणे म्हणजे माहिती गमावणे झाले असते. अनेक फाइलींवर एकदम लक्ष ठेवणारे सिलेक्ट आणि पोल हे कॉल लिनक्समध्ये हँडलर चालल्यावर कधीच आपोआप सुरू होत नाहीत. दहा सेकंद थांब असे सांगितलेल्या प्रोग्रामला सातव्या सेकंदाला उठवले, तर पुन्हा दहा थांबायचे की उरलेले तीन, हा प्रश्न हेतूचा आहे, आणि प्रोग्रामचा हेतू कर्नलला माहीत नसतो. म्हणून तो उरलेला वेळ सांगतो आणि निर्णय प्रोग्रामवर सोडतो. फाइल बंद करण्याचा कॉल तर सावध माणसालाही चकवतो. तिथे ‘व्यत्यय आला’ हे उत्तर मिळाले तरी लिनक्सवर ती फाइल बंद झालेली असते. पुन्हा बंद करायला गेलो तर दरम्यान दुसऱ्या थ्रेडने उघडलेली आणि तोच क्रमांक मिळालेली भलतीच फाइल बंद होते. आणखी एक बाजू आहे. वेळ संपली की वाट पाहणे सोडून दे, यासाठी अलार्म लावणाऱ्या प्रोग्रामला कॉल तुटायलाच हवा असतो. तो आपोआप पुन्हा सुरू झाला तर अलार्म लावण्याचा उद्देशच बुडतो. थोडक्यात, पुन्हा सुरू करावे की नाही याला सार्वत्रिक उत्तर असते तर कर्नलने ते केव्हाच लागू केले असते.

सिस्टीम कॉलचा प्रश्न निदान दिसतो, उत्तराच्या रूपाने समोर येतो. प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीतले अर्धवट काम त्याहून धोक्याचे, कारण त्याची खबर कर्नलला नसतेच. दुकानातला मुनीम एका खात्यातून रक्कम वजा करून दुसऱ्या खात्यात जमा मांडणार, एवढ्यात त्याला उठवले आणि परत आल्यावर लेखणी त्याच अक्षरावर टेकवून दिली, तर त्याच्यापुरते काहीच बिघडलेले नाही. पण मधल्या वेळात दुसऱ्या कोणी त्याच वहीची बेरीज केली किंवा तिच्यात नवी नोंद केली, तर वही चुकली, आणि लेखणी कितीही अचूक जागी टेकवली तरी ती चूक निस्तरत नाही. मेमरी वाटून देणारे मॅलॉक हे फंक्शन अशीच एक वही सांभाळते. ते मोकळ्या तुकड्यांची यादी बदलत असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही मेमरी मागितली, तर एकतर आपणच लावलेले कुलूप उघडण्याची वाट आपण कायमची पाहत बसतो किंवा अर्धवट यादीवर नवे बदल होऊन ती विस्कटते. छापण्याचे साधे प्रिंटएफ फंक्शनही याच कारणाने हँडलरमध्ये वर्ज्य आहे. म्हणून पॉसिक्स मानकात हँडलरमधून बोलावण्याजोग्या फंक्शनांची एक यादी दिलेली आहे आणि ती लहान आहे. शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणारे एररनो हे चलसुद्धा चौकटीत जतन होत नाही. ते हँडलरने स्वतः उचलून ठेवायचे आणि जाताना परत ठेवायचे, नाही तर मूळ काम दुसऱ्याच कोणाच्या चुकीवरून निर्णय घेते.

हे केवळ काटेकोर लोकांचे भय नाही याचा पुरावा १ जुलै २०२४ रोजी जगासमोर आला. क्वालिस या सुरक्षा संस्थेने ओपनएसएसएच सर्व्हरमधली एक त्रुटी जाहीर केली. दुसऱ्या संगणकावर दुरून सुरक्षितपणे काम करण्यासाठी जगभरचे सर्व्हर ज्यावर विसंबतात तेच हे सॉफ्टवेअर. जोडणी उघडून ठराविक वेळेत, सहसा १२० सेकंदांत, ओळख पटवली नाही तर अलार्मचा सिग्नल येई आणि त्याचा हँडलर घटनेची नोंद करण्यासाठी सिसलॉग हे फंक्शन बोलावी. जीलिबसी वापरणाऱ्या लिनक्सवर सिसलॉग आतून मेमरी मागते. सिग्नल नेमका मॅलॉकच्या अर्धवट अवस्थेत पोहोचेल असा मुहूर्त साधता आला, तर ओळख न पटवताच सर्व्हरवर संपूर्ण ताबा मिळवता येत असे. या प्रसंगात हँडलर मूळ कामाकडे परतणारच नव्हता. जोडणी तोडून तो प्रक्रिया संपवणार होता. तरीही धोका होता, कारण अर्धवट वहीला हात लागला होता. त्याहून बोलकी गोष्ट अशी की ही त्रुटी २००६ मध्येच सापडून दुरुस्त झालेली होती. २०२० मध्ये नोंदींची व्यवस्था बदलताना ती दुरुस्ती नकळत निघून गेली. ओपनबीएसडी मात्र यातून सुटले, कारण हँडलरमधून बोलावता येईल असे वेगळे नोंद-फंक्शन त्यांनी २००१ मध्येच तयार केले होते. जगातल्या अत्यंत काळजीपूर्वक लिहिलेल्या सॉफ्टवेअरपैकी हे एक. तिथेही नियम कोडच्या रचनेत बांधलेला नव्हता, माणसांच्या लक्षात होता, आणि तेवढ्यावर तो चौदा वर्षे टिकला.

दुसरा आक्षेप उच्च पातळीवरच्या भाषांचा आहे: सी मध्ये लिहिणाऱ्यांचे हे दुखणे, बाकीच्यांनी त्याची काळजी का करावी? भाषांनी यातला काही भार खरोखर उचलला आहे. पायथॉनने २०१५ च्या ३.५ या आवृत्तीपासून व्यत्यय आलेले सिस्टीम कॉल लायब्ररीतच पुन्हा करायला सुरुवात केली. त्याआधी तो घोळ प्रत्येक प्रोग्रामच्या वाट्याला होता. पण गो भाषेचा अनुभव दुसरी बाजू दाखवतो. २०२० मधल्या १.१४ या आवृत्तीत लांबलेले काम मध्येच थांबवण्यासाठी गोची अंतर्गत यंत्रणा स्वतःच स्वतःला सिग्नल पाठवू लागली. तिचे हँडलर कॉल पुन्हा सुरू करणारा ध्वज लावूनच बसवलेले असतात, तरी त्या आवृत्तीच्या निवेदनात बजावावे लागले की सिस्टीम कॉल थेट वापरणाऱ्या प्रोग्रामांना आता व्यत्ययाची उत्तरे जास्त वेळा मिळतील. सिग्नलचे नाव ज्यांनी कधी घेतले नव्हते त्यांच्यापर्यंतही तो प्रश्न पोहोचला. गो आणि जावा दोन्हींच्या यंत्रणा आणखी एक गोष्ट करतात: हँडलरमध्ये असताना स्टॅकवरच्या चौकटीतला परतीचा पत्ता बदलतात, म्हणजे सिगरिटर्न झाल्यावर प्रोग्राम थांबला होता तिथे न जाता यंत्रणेने ठरवलेल्या जागी उतरतो. कर्नलने प्रोग्रामच्या हवाली केलेल्या नोंदीचा हा जाणता, उपयुक्त वापर आहे. हल्लेखोर ज्या मोकळीकीचा गैरफायदा घेतो तीच मोकळीक इथे कामाला येते, म्हणून ती सरसकट काढून टाकता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: अशा बेभरवशाच्या वेळी प्रोग्राममध्ये घुसायचेच कशाला? सिग्नल एका रांगेत ठेवावेत, प्रोग्राम आपल्या सोयीने उचलेल. विंडोजने मुळात असाच विचार केला. तिथे कंट्रोल-सी दाबले की हँडलर नव्या थ्रेडवर चालतो, आणि थ्रेडला द्यायची असमकालिक कामे तो थ्रेड स्वतः सावध अवस्थेत वाट पाहत असेल तेव्हाच दिली जातात. युनिक्स घराण्यातही ती दिशा रूढ झाली आहे. हँडलरने एका पाइपमध्ये फक्त एक बाइट टाकायचा आणि बाकी सगळे मुख्य चक्रात करायचे, ही डॅनियल बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती, फ्रीबीएसडीची केक्यू ही घटनांची रांग, आणि २००७ मध्ये लिनक्स २.६.२२ मध्ये आलेले सिग्नलएफडी, ज्यात सिग्नल फाइलसारखा वाचता येतो, ही त्याची उदाहरणे. नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याने याच मार्गाने जावे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या पुस्तकाचा उत्तरार्ध त्यासाठीच राखून ठेवला आहे. पण त्यामुळे जुना प्रश्न निकालात निघत नाही. चुकीच्या पत्त्यामुळे आलेला सिग्नल रांगेत टाकता येत नाही. ती सूचना पुढे जाऊच शकत नाही, त्याचा निवाडा तिथेच व्हायला हवा. आत अडकून पडलेल्या लांबलचक गणनेला थांबवायचे तर ती स्वतःहून रांग पाहायला येणार नाही. आणि रांगेचा मार्ग स्वीकारणे म्हणजे तरी काय? कोणत्या क्षणी आपले काम सुसंगत अवस्थेत आहे हे प्रोग्राम स्वतः ठरवतो आणि त्याच क्षणी बाहेरच्या बातम्या ऐकतो. म्हणजे कामाची अवस्था सांभाळण्याचे उत्तरदायित्व प्रोग्रामने उघडपणे स्वीकारलेले असते. हा मार्ग यशस्वी होतो तो याच कारणाने, आणि माझा मूळ मुद्दा त्याने अधिकच पक्का होतो.

इतक्या बारकाव्यांच्या विषयावर मराठीत स्वतंत्र पुस्तक कशासाठी, असे कोणी विचारेल. माझे उत्तर असे की अर्धवट सोडलेले काम सुरक्षितपणे पुढे नेणे हा आज सिग्नलांपुरता प्रश्न राहिलेला नाही. डेटाबेसमधला व्यवहार मध्येच तुटणे, पैसे पाठवण्याची विनंती उत्तर न मिळाल्याने दुसऱ्यांदा जाणे, मोठी गणना यंत्र बंद पडल्यावर पुढे चालवणे, या सगळ्यांत तोच पेच आहे: कुठे थांबलो याची नोंद कोण ठेवतो, तिच्यावर कोण विश्वास ठेवतो, आणि तेच काम दोनदा झाले तर बिघडते का. सिग्नलमध्ये हा पेच सर्वांत लहान आकारात, स्टॅकवरच्या एका चौकटीत, डोळ्यांनी पाहता येतो. म्हणून शिकायला तो उत्तम आहे. वाचकाने पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक कोडकडे दोन प्रश्न घेऊन जावे. इथे या ओळीवर व्यत्यय आला तर काय अर्धवट राहील? आणि ते पूर्ण करण्याची किंवा मागे फिरवण्याची जबाबदारी कोणाची ठरली आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तपासून मिळते. दुसऱ्याचे उत्तर रचना करतानाच ठरवावे लागते, कोडमध्ये दिसेल अशा रीतीने लिहून ठेवावे लागते, आणि तो कोड पुढे बदलणाऱ्याला ते मोडता येणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. एवढी शिस्त या पुस्तकातून अंगवळणी पडली, तर ते लिहिण्यामागचा हेतू सफल झाला असे मी मानेन.